केसकरांचा रेडिओ आणि आमचा मोहल्ला

चार-पाच वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतल्या एका सभागृहात शाळांची वक्तृत्व स्पर्धा होती. आमच्या उर्दू माध्यमाच्या शाळेतली आठवीची एक मुलगी तिथे मराठीतून बोलली आणि दुसरी आली. नंतर चहाच्या वेळी एक परीक्षक आमच्याजवळ आले आणि मोठ्या आपुलकीने म्हणाले, "तुमच्या मुलीचं मराठी फारच शुद्ध आहे हो! कुठून शिकली?" विचारण्यात काही खोट नव्हती. पण हा प्रश्न आम्हाला नवा नाही. पुण्यात चार पिढ्या काढल्यावरही आपल्या मराठीचं कुणाला नवल वाटतं, तेव्हा ते कौतुक आहे की आणखी काही, हे लगेच ठरवता येत नाही. आम्ही एवढंच म्हणालो, "रेडिओवरून."

उत्तर थाप मारल्यासारखं वाटलं असेल, पण खरं होतं. घरात आम्ही दखनी बोलतो, शाळेत उर्दू. आमच्या घरात मराठी शिरलं ते आधी दादांच्या रोजगारातून आणि मग रेडिओतून. परतीच्या वाटेवर त्या परीक्षकांचा 'शुद्ध' हा शब्द मात्र डोक्यातून जाईना. कारण याच एका शब्दासाठी पुण्यातच जन्मलेल्या एका माणसाने दहा वर्षं साऱ्या देशाचा रेडिओ हलवून सोडला होता. त्यांचं नाव डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर.

आमच्या पिढीला हे नाव ठाऊक नाही. ज्यांना आहे त्यांना ते एका चेष्टेपुरतं आठवतं. सिनेमाची गाणी बंद करणारा मंत्री, झालं. आम्हीही तेवढंच ऐकून होतो. वाचू लागलो तेव्हा कळलं की प्रकरण इतकं सोपं नाही, आणि आम्हा मुसलमानांसाठी तर मुळीच सोपं नाही.

केसकरांच्या आधीचा रेडिओ कसा होता हे थोडक्यात सांगायला हवं. १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं तेव्हा प्रमुख होते लायोनेल फील्डन नावाचे इंग्रज. त्यांनी लाहोरच्या गव्हर्नमेंट कॉलेजातले इंग्रजीचे प्राध्यापक अहमद शाह बुखारी यांना दिल्लीत आणलं. उर्दू वाचकांना हे 'पतरस' या नावाने माहीत आहेत. त्यांचे विनोदी लेख आमच्या शाळेच्या पुस्तकात असतात. फील्डन गेल्यावर तेच प्रमुख झाले. धाकटे भाऊ झुल्फिकार अली बुखारी दिल्लीला आणि पुढे मुंबई केंद्रावर संचालक होते. मधल्या काळात ते लंडनला बीबीसीत गेले, तिथे जॉर्ज ऑर्वेल त्यांच्या विभागात काम करत होता. दोघा भावांच्या दबदब्यामुळे लोक थट्टेने म्हणत की बीबीसी म्हणजे 'बुखारी ब्रदर्स कॉर्पोरेशन'. मंटो आणि कृष्ण चंदर यांनी याच काळात दिल्ली केंद्रावर नोकरी केली. बातम्यांची भाषा 'हिंदुस्तानी' होती आणि तिच्यावरून रोज भांडण होतं. हिंदीवाले म्हणत हिच्यात उर्दू फार, उर्दूवाले म्हणत हिच्यात संस्कृत फार. फाळणी झाली. धाकटे बुखारी पाकिस्तानच्या रेडिओचे प्रमुख झाले आणि थोरले पुढे संयुक्त राष्ट्रसंघात गेले. त्याआधीच, १९४६ च्या हंगामी सरकारात रेडिओचं खातं सांभाळणाऱ्या सरदार पटेलांनी, ज्यांचं खासगी जीवन चर्चेचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओवर बोलावू नये असा हुकूम काढला होता. म्हणजे कोठ्यावरच्या बाया नकोत. त्यांच्याबरोबर किती गाणं बाहेर गेलं असेल याचा हिशेब कुणी ठेवला नाही.

१९५२ साली केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले ते १९६२ पर्यंत राहिले. इतकी सलग वर्षं हे खातं आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. जन्म १९०३ चा, पुण्याचा. शिक्षण काशी विद्यापीठात आणि पुढे पॅरिसमध्ये, निवडून यायचे उत्तर प्रदेशातून. आधी परराष्ट्र खात्यात उपमंत्री. गाणं स्वतः शिकलेले, तेही ध्रुपद. हे महत्त्वाचं आहे, कारण मंत्री सहसा फायलीवर सही करतो. रेडिओवर कोणतं वाद्य वाजावं, कोणता गायक कुठल्या श्रेणीत बसावा, कोणत्या गाण्याला जागा द्यावी, हे तो ठरवत नाही. केसकर ठरवत. पदाने मंत्री, पण कामाने देशातले सर्वांत मोठे कार्यक्रम अधिकारी तेच होते.

पहिल्याच वर्षी, जुलै १९५२ मध्ये, शास्त्रीय संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सगळी केंद्रं एका वेळी एकाच कलावंताला ऐकवत. त्याच साली दिल्लीत रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंद उभा राहिला. १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलनं भरू लागली. कवी, लेखक, गायक यांना 'प्रोड्यूसर' म्हणून नोकरीवर घेतलं गेलं. पुणे केंद्रावर व्यंकटेश माडगूळकर आणि पु. ल. देशपांडे आले ते याच दशकात. संस्थानं विलीन झाली होती, दरबार उठले होते, राजाच्या पगारावर जगणारे शेकडो गवई-वादक उघड्यावर पडले होते. त्यांना रेडिओने महिन्याचा पगार दिला. यातली किती घरं मुसलमानांची होती हे वेगळं सांगायला नको. हे ऋण मान्य केलं पाहिजे.

आता दुसरी बाजू. रेडिओवर गायचं तर आधी ध्वनिचाचणी द्यायची, मग श्रेणी मिळायची. परीक्षक मंडळाचे प्रमुख होते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण रातंजनकर. ज्या उस्तादांनी आयुष्यभर बापाकडून, मामाकडून सीना-ब-सीना तालीम घेतली, त्यांना रागाचं शास्त्र तोंडी विचारलं जाऊ लागलं. कलावंत चिडले, मुंबईत विरोधही झाला. आम्ही स्वतः बी.एड. केलेले, परीक्षा घेणं हाच आमचा पेशा. तरी वाटतं की दोन पिढ्यांचं गाणं गळ्यात असलेल्या माणसाला व्याख्या विचारणं म्हणजे आजीला स्वयंपाकाची लेखी परीक्षा द्यायला लावण्यासारखं आहे.

पण आम्हाला खुपतं ते याहून वेगळं आहे. १९६७ साली, मंत्रिपद गेल्यावर, केसकरांनी भारतीय संगीताचे प्रश्न आणि भवितव्य या विषयावर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. त्यात त्यांचा विचार स्पष्ट मांडलेला आहे. उत्तरेचं संगीत मुसलमान गवयांच्या हाती गेलं आणि त्यामुळे ते देवळापासून, अध्यात्मापासून तुटलं, शृंगारी झालं, नाचणाऱ्या बायका आणि त्यांच्या भोवतालच्या लोकांत अडकलं, घराण्यांनी ते कुलूपबंद केलं. आता ते सुशिक्षित आणि भल्या घरच्या लोकांच्या हाती परत यायला हवं. पुस्तक नंतरचं असलं तरी हीच दृष्टी दहा वर्षं खात्यात वागत होती.

याला उत्तर देण्यासाठी दूर जायला नको, पुण्यातच राहावं. किराना घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांनी १९१३ च्या सुमारास पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवलं. उस्ताद मुसलमान आणि शाळेचं नाव 'आर्य'! ज्याला शिकायचं त्याला ते शिकवत. कुलूप कुठे होतं? त्यांच्या आणि ताराबाई माने यांच्या मुलीचं पाळण्यातलं नाव चंपाकली, पण महाराष्ट्राला ती हिराबाई बडोदेकर म्हणून माहीत आहे. मुलगा अब्दुल रहमान म्हणजे सुरेशबाबू माने. पेठांतल्या घराघरांनी जो स्वर आपला, सात्त्विक, घरंदाज म्हणून मानला तो एका उस्तादाच्या मुलीचा होता. खाँसाहेब १९३७ साली गेले आणि मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. ध्रुपदाचं म्हणाल तर केसकर जे गाणं शिकले ते गाणं त्या काळात सर्वांत निष्ठेने सांभाळणारं घराणं डागर बंधूंचं होतं. ते मुसलमान होते आणि त्यांच्या बंदिशींत शिव होता, राम होता.

रेडिओवरही हेच झालं. विचार काहीही असो, राष्ट्रीय कार्यक्रम भरायचा तर बडे गुलाम अली, बिस्मिल्ला खाँ, विलायत खाँ, अली अकबर यांच्यावाचून भरणार कसा? हार्मोनियमची गोष्ट तर आणखी गमतीची. ही पेटी परदेशी, तिच्यात मींड निघत नाही, म्हणून १९४० पासूनच रेडिओवर तिला बंदी होती. केसकरांनी ती कडक पाळली; बंदी सैल झाली ती १९७१ साली. पेटी नाही, मग गायकाच्या मागे साथ कोण करणार? सारंगी! आणि सारंगी म्हणजे बहुतेक मिरासी मुसलमान घराण्यांचं, कोठ्याशी जोडलेलं वाद्य. बाहेरच्या मैफलींत पेटीने सारंगीला हुसकावलं होतं, ती रेडिओच्या नोकरीत तगली. दिल्ली केंद्रावर साबरी खाँसाहेबांसारखे सारंगिये वर्षानुवर्षं होते. शुद्धतेच्या त्या हट्टाने ज्यांना दूर ठेवायचं त्यांनाच नोकरी दिली. इतिहास असा कधी कधी मागच्या दाराने न्याय करतो.

सिनेसंगीताचं प्रकरण पुष्कळांना माहीत आहे. केसकरांना ही गाणी उथळ आणि पाश्चात्त्य वळणाची वाटत. त्यांची वेळ कापली गेली. गाण्याबरोबर चित्रपटाचं नाव सांगणं ही फुकटची जाहिरात आहे म्हणून तेही बंद झालं, तेव्हा निर्माते बिथरले आणि त्यांनी परवानगीच काढून घेतली. रेडिओ काही काळ सिनेमाच्या गाण्यांपुरता मुका झाला. इकडे कोलंबोला, दुसऱ्या महायुद्धात फौजेसाठी उभारलेलं एक जबरदस्त शॉर्टवेव्ह प्रक्षेपण केंद्र सिलोनच्या हाती आलेलं होतं. तिथल्या व्यापारी विभागाचे प्रमुख क्लिफर्ड डॉड नावाचे ऑस्ट्रेलियन गृहस्थ होते. त्यांनी ही संधी ओळखली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचे, विमानाने कोलंबोला जायचे आणि तिथून आपल्याच देशावर बरसायचे.

३ डिसेंबर १९५२, बुधवार. त्या रात्री 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक एकोणीस वर्षांचे अमीन सायानी. इंग्रजी विभाग त्यांचे थोरले बंधू हमीद सायानी गाजवत होते. अमीन सायानी स्वतः सांगत की पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढे आठवड्याला साठ हजारांच्या वर गेली. त्या आवाजाविषयी खूप लिहून झालं आहे. ती भाषा कुठून आली हे कमी लोक सांगतात. त्यांच्या आई कुलसूम सायानी मुंबईत प्रौढ साक्षरतेचं काम करत. गांधीजींच्या सांगण्यावरून १९४० पासून वीस वर्षं त्यांनी 'रहबर' नावाचं पाक्षिक चालवलं. भाषा एकच, सोपी हिंदुस्तानी. लिप्या मात्र तीन: नागरी, उर्दू आणि गुजराती. नुकतंच अक्षर ओळखू लागलेल्या बायाबापड्यांना कळेल असं लिहायचं, हीच अट. मुलगा त्या कामात मदत करत वाढला. तेव्हा दिल्लीच्या बातम्यांतून जी हिंदुस्तानी भांडणात मेली असं आपण समजतो, ती मेली नव्हती. एका शिक्षिकेच्या पाक्षिकातून उठून ती कोलंबोला गेली आणि तिथून साऱ्या देशाला "बहनो और भाइयो" म्हणू लागली. आम्ही शिक्षक आहोत म्हणून असेल, पण या इतिहासातली सर्वांत मोठी व्यक्ती आम्हाला कुलसूमबेन वाटतात.

आता आमच्या दादांकडे येतो. दादा, म्हणजे वडिलांचे वडील, अमीन सायानींच्याच सालचे, १९३२ चे. गंज पेठेत घर आणि सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात छापखान्याला जोडून बाइंडिंगचं काम. रोज सायकलने जायचे. फर्मे मोडायचे, जुजबंदी करायची, खळ लावायची, पुठ्ठे कापायचे. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे केंद्रावरून 'गीतरामायण' सुरू झालं. केंद्र जेमतेम दीड वर्षाचं होतं, १९५३ च्या २ ऑक्टोबरचं. तिथले कार्यक्रम अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले स्नेही ग. दि. माडगूळकर यांना काहीतरी नवं लिहून द्या म्हणून गळ घातली, सुधीर फडक्यांनी चाली दिल्या, आणि वर्षभर दर आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गाणी झाली. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर यांनी ती गायली. नवं गाणं शुक्रवारी सकाळी लागे. दादा सांगत की त्या वेळेला वाड्यातले लोक आंघोळ करून रेडिओसमोर बसत, रेडिओला हार घालत, उदबत्ती लावत. घराघरांत रेडिओ नव्हते. असला तरी पोस्टातून त्याचं लायसन्स काढावं लागे. म्हणून ज्याच्याकडे असेल त्याची खिडकी उघडी ठेवायची रीत होती. खाली बाइंडिंगच्या खोलीत सुया थांबत. मालक काही बोलत नसत, तेही वर गेलेले असत. ते ऐकून झालं की दुपारी दादा जुम्म्याच्या नमाजीला जात. या दोन गोष्टींत काही अडचण आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, आणि आम्ही विचारलं तेव्हा त्यांना प्रश्नच कळला नाही.

बुधवारी रात्री मात्र ते मोहल्ल्यातल्या चहाच्या हॉटेलात. शॉर्टवेव्हवर सिलोनचा आवाज लाटेसारखा येई आणि जाई. गेला की सगळे दम धरून बसत. "वो मना करता था, हम सुनते थे," एवढंच दादा केसकरांविषयी बोलत. त्यात राग नव्हता. गीतरामायणाचे शब्द वाड्यातल्या एका वहिनींनी ऐकता ऐकता वहीत उतरवले होते आणि वही बांधायला दादांकडे आणली होती. दादांनी तिला कापडी पाठ लावून दिली, पैसे घेतले नाहीत. उरलेल्या प्रुफांच्या कागदाची एक वही त्यांनी स्वतःसाठी शिवली आणि तिच्या कोऱ्या बाजूला गीतमालेतल्या गाण्यांची नावं उर्दूत लिहीत गेले. ती वही आमच्याकडे आहे. कडा झडल्या आहेत.

पेठेत रामायण आणि मोहल्ल्यात बिनाका असे दोन वेगळे रेडिओ होते असं पूर्वी आम्ही समजत होतो. तसं नव्हतं. सिनेसंगीताला पर्याय म्हणून केसकरांनी केंद्राकेंद्रांवर सुगम संगीत उभं केलं, भावगीताला जागा दिली. गीतरामायण त्याच वाऱ्यात वाढलं. पण ते लिहिलं कुणी, चाली कुणी लावल्या? दोघेही सिनेमाचेच! ज्यांना एका दारातून अडवलं ते दुसऱ्या दाराने आत आले, आणि पेठेने त्यांना हार घातला. बिनाका ऐकणारे लोकही मोहल्ल्यातलेच नव्हते. त्याच वाड्यातली कॉलेजची पोरं, वडील झोपल्यावर आवाज बारीक करून कोलंबो लावत. केसकरांना श्रोत्यांची वर्गवारी करायची होती. श्रोते मात्र एका आठवड्यात दोन्ही ऐकत.

शेवटी केसकरांना वळावंच लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' सुरू झाली. नरेंद्र शर्मा या हिंदी कवीकडे ती सोपवली होती, आणि नरेंद्र शर्मा हे सिनेमाचे गीतकारही होते. सिनेसंगीत परत आलं, जरा अंग धुऊन आलं. योगायोग असा की त्याच दिवशी, त्या दसऱ्याला, गीतरामायणाचं पहिलं पुस्तक निघालं, आणि ते केसकरांच्याच खात्याच्या प्रकाशन विभागाने काढलं. 'ऑल इंडिया रेडिओ'चं अधिकृत नाव 'आकाशवाणी' झालं तेही याच साली. दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९६७ ला, विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या, आणि सुरुवात मुंबई, पुणे, नागपूर इथूनच झाली. १९८९ मध्ये तर खुद्द गीतमाला विविध भारतीवर आली आणि १९९४ पर्यंत राहिली. ते पाहायला केसकर नव्हते, १९८४ सालीच ते वारले. अमीन सायानी फेब्रुवारी २०२४ मध्ये गेले. त्या दिवशी शाळेच्या परिपाठात आम्ही मुलांना त्यांचा आवाज मोबाइलवरून ऐकवला. मुलांना तो फार सावकाश वाटला.

केसकरांना आम्ही मुसलमानांचा वैरी म्हणणार नाही. त्यांची समजूत चुकीची होती, आणि ती आमच्या उस्तादांविषयी होती म्हणून अधिक बोचते. पण त्यांनी गाण्याला सरकारी खर्चाने रोज घरात आणलं. दादांनी भैरव आणि तोडी यांत फरक ओळखला तो रेडिओमुळे. तिकीट काढून मैफलीला गेलेला आमच्या खानदानात कुणी नाही. त्याच रेडिओच्या प्रादेशिक बातम्यांतून आमच्या आईने मराठी उचललं, तिच्याकडून आम्ही, आणि आमच्याकडून ती आठवीची मुलगी. तेव्हा परीक्षकांना दिलेलं उत्तर एका परीने केसकरांच्याच खात्यात जमा होतं.

१९६२ साली त्यांचं मंत्रिपद गेलं. पुढच्या वर्षी फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहियांनी त्यांना हरवलं. त्यानंतर त्यांनी निवडणूक आणि रेडिओ दोन्ही सोडून राष्ट्रीय पुस्तक न्यासाचं, म्हणजे नॅशनल बुक ट्रस्टचं, अध्यक्षपद १९७३ पर्यंत सांभाळलं. मुलांसाठी स्वस्त, चित्रांची, सगळ्या भाषांत निघणारी 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली. सगळ्या भाषांत म्हणजे उर्दूतही. आमच्या शाळेच्या ग्रंथालयाच्या कपाटात खालच्या खणात ती पुस्तकं आहेत. पाचवीच्या मुलांच्या हाताळण्याने त्यांचे कणे सुटले आहेत. या मे महिन्याच्या सुट्टीत दाभण आणि खळ आणून ती नीट शिवायची असं आम्ही ठरवलं आहे. जुजबंदी आम्हाला दादांनी शिकवली होती.